दुपारची झोप

मी दुपारी झोपत नाही. सासरी हा माझा गुण मानला जातो. "आमची सून दुपारी पाठ टेकत नाही हो," असं सासूबाई लग्नाकार्यात ज्याला त्याला सांगायच्या. बाळंतपणात सगळ्यांनी बजावलं होतं की बाळ झोपलं की तूही झोपून घे. बाळ झोपायचं, मी पाळण्याशेजारी टक्क जागी. पुण्यात इतकी वर्षं काढून दुपारी एक ते चार जागं राहायचं म्हणजे शहराशी गद्दारी, असं नवरा पाहुण्यांना ऐकवतो. पंचेचाळिशीपर्यंत माझाही समज होता की मी कामसू आहे.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये लेक बंगळुरूला शिकायला गेली आणि हा समज उसवायला लागला. रोज रात्री नऊला फोन, असं आमचं ठरलं होतं. एके रात्री तिनं तो उचलला नाही. साडेनऊ झाले, दहा झाले. मी बावीस वेळा फोन लावला (हे नंतर तिनंच मोजून दाखवलं). मग तिच्या रूममेटला, मग रूममेटच्या नागपूरच्या आईला, आणि पावणेबाराला हॉस्टेलच्या वॉर्डनबाईंना. त्यांनी जाऊन दार ठोठावलं. लेक झोपली होती. सकाळी लवकर प्रॅक्टिकल होतं म्हणून आठलाच झोपली होती, बस.

दिवाळीला आली तेव्हा माझ्या शेजारी उभी राहून चकल्या तळता तळता ती म्हणाली, "आई, तू फोन करतेस ना, तेव्हा माझी चौकशी नाही करत. हजेरी घेतेस."

तो घाणा करपला. लेखात शोभावं म्हणून सांगत नाहीये, खरंच करपला, आणि तिनं तो चहाबरोबर खाल्लाही.

मला आपलं काय होतंय हे कळत नव्हतं अशातला भाग नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ विचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठी वाचकांपर्यंत पोचवली, त्या वाचकांपैकी मी एक. कॉलेजात असताना त्या विचारांनी मला खरोखर हात दिला होता. परीक्षेत पहिलं यायलाच 'पाहिजे', हा 'पाहिजे' मी तिथेच सोडायला शिकले. त्यामुळे त्या रात्रीही मी वहीत रीतसर मांडलं: फोन उचलला नाही म्हणजे अपघात झाला असं नाही, पुरावा काय, शक्यता किती. सगळं पटलं. डोक्याला पटलं, पण पोटातला गोळा जागचा हलला नाही. वही मिटली आणि तेविसाव्यांदा फोन लावायला घेतला.

ज्या थेरपिस्ट मॅडमकडे मी पुढे जायला लागले त्यांना हे सांगितलं, तर त्या हसल्या. म्हणाल्या, "ही सगळी थेरपी तुमच्यासारख्या लोकांमुळेच सुरू झाली."

गोष्ट अशी. जेफ्री यंग हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फिलाडेल्फियाला अॅरन बेक यांच्या हाताखाली तयार झाले. बेक यांची पद्धत म्हणजे मनात आपोआप उमटणारे विचार पकडायचे, तपासायचे, दुरुस्त करायचे. नैराश्यात ती अनेकांना पंधरा-वीस भेटींत बाहेर काढायची. पण काही माणसं अडून बसायची. गृहपाठ चोख, युक्तिवाद मान्य, आणि वर एकच वाक्य: कळतंय, पण तसं वाटत नाही. यंग यांनी ऐंशीच्या दशकात या अडलेल्या माणसांच्या मागे मागे जायला सुरुवात केली आणि त्यांच्या बालपणात जाऊन पोचले. मग बेक यांच्या पद्धतीला त्यांनी बऱ्याच ठिकाणांहून आणलेली ठिगळं जोडली. लहान मूल आणि आई यांच्यातल्या ओढीचा जॉन बोल्बी यांचा अभ्यास घेतला, गेश्टाल्ट थेरपीवाल्यांची रिकामी खुर्ची (तिच्यात कुणीतरी बसलंय असं धरून त्याच्याशी बोलायचं) घेतली, मनोविश्लेषणातलं थोडं घेतलं. १९९० मध्ये त्यावर पहिलं पुस्तक आलं. नाव पडलं स्कीमा थेरपी.

स्कीमा हा शब्द यंग यांचा नव्हे. १९३२ साली केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट यांनी स्मरणाबद्दल लिहिताना तो मनातला साचा अशा अर्थानं वापरला. त्यांनी इंग्रज लोकांना उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची एक लोककथा वाचायला दिली आणि काही काळानं ती पुन्हा सांगायला लावली. लोकांनी ती आपल्या नकळत आपल्या साच्यात बसवली. त्यांच्या सांगण्यात कनू या तिथल्या वल्हवायच्या नावेची साधी होडी झाली, सीलच्या शिकारीची मासेमारी झाली. जे आपल्या घरात नव्हतं ते गळलं, जे होतं ते शिरलं. ही गोष्ट मला तेव्हा मजेशीर वाटली. पुढे ती माझ्यावरच उलटायची होती.

मराठीत याला काय म्हणायचं? पुस्तकी शब्द आहे 'आकृतिबंध'. पण सरकारी नोकरीतल्या कुणालाही विचारा, आकृतिबंध म्हटलं की त्याला मंजूर पदं आणि रिक्त पदं आठवतात. मी माझ्यापुरता 'वळण' हा शब्द घेतला. मुलांना लावतात ते वळण, अक्षराचं असतं ते वळण, आणि रस्त्याचंही तेच. लहानपणी मनाला एक वळण लागतं. त्या वयात ते बरोबरच असतं, कारण त्या घरात, त्या माणसांत तगून राहायला ते उपयोगी पडतं. घर बदलतं, माणसं बदलतात, वळण तेच राहतं. आम्ही कोथरूडमधलं भाड्याचं घर सोडून स्वतःच्या फ्लॅटमध्ये आलो, त्यानंतर सहा महिने माझी स्कूटर संध्याकाळी आपोआप जुन्या गल्लीत शिरायची. एकदा तर मी जुन्या घराखाली गाडी स्टँडवर लावून जिना चढायला लागले होते.

यंग यांनी अशी अठरा वळणं मोजली. ती शोधायला नव्वद वाक्यांची प्रश्नावली असते. प्रत्येक वाक्यापुढे एक ते सहा गुण द्यायचे, अजिबात खरं नाही इथपासून तंतोतंत खरं इथपर्यंत. शनिवारी सकाळी पोहे खाता खाता मी ती भरली. जवळची माणसं निघून जातील, ती टिकायची नाहीत, अशा अर्थाची वाक्यं जिथे होती तिथे सगळीकडे सहा. स्वतःची गरज मागे ठेवून इतरांचं करत राहणं, तिथेही पाच आणि सहा. अठरा वळणांची नावं वाचताना मला तर वधू-वर सूचक मंडळाची वही आठवली. 'सोशिक, मनमिळाऊ, तडजोडीची तयारी, एकत्र कुटुंबाची आवड.' यंग यांच्या यादीत यातल्या प्रत्येकाला वेगळं नाव आहे आणि त्यातलं एकही कौतुकाचं नाही. त्यावर मॅडमशी मी वादही घातला. आमच्याकडे बाईनं सगळ्यांचं करणं याला संस्कार म्हणतात, तुम्ही त्याला विकार म्हणणार का? त्या म्हणाल्या, "करण्याला नाही म्हणत. न केल्यावर तुम्हाला काय होतं, ते बघू." मी एक रविवार स्वयंपाक केला नाही. काय झालं ते इथे लिहीत नाही.

आता ते वर्ष. १९८४. मी सहा वर्षांची, धाकटा भाऊ दोनचा. त्याच्या हृदयाला भोक होतं. आमच्या कोल्हापुरातल्या गल्लीत सगळे 'काळजाला भोक' म्हणायचे आणि मला ते शब्दशः दिसायचं, वाऱ्याची शिट्टी वाजेल असं. ऑपरेशन मुंबईला करायचं ठरलं. आईवडील त्याला घेऊन जाणार आणि मला कराडला आत्याकडे ठेवणार, असं मोठ्यांनी ठरवलं. आई मला सोडायला आली, दोन दिवस राहिली. तिसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर सोप्यात सतरंजी टाकून तिनं मला थोपटून झोपवलं. जाग आली तेव्हा शेजारची जागा गार होती. आत्या सुपात तांदूळ निवडत होती.

"आई कुठंय?"

"बाजारात गेलीय. येईल हं."

मी पायरीवर जाऊन बसले. दिवेलागण झाली. दुसऱ्या दिवशीही ती बाजारातच होती. तिसऱ्या दिवशी मी विचारायचं बंद केलं. आत्या प्रेमळच होती, मला तिच्या पोरांच्या आधी गरम भाकरी मिळायची. मूल झोपलेलं असताना निघून जायचं, म्हणजे रडारड होत नाही, ही तेव्हाची सर्वमान्य पद्धत. तिला कुणी फसवणूक म्हणत नव्हतं. त्यात दयाच होती. दसऱ्याच्या आधी आई परतली. चार महिने.

बस, एवढंच. मारहाण नाही, उपासमार नाही, मरण नाही. भाऊ जगला, आज ब्याण्णव किलोचा आहे आणि कोल्हापुरात रोज रात्री पांढऱ्या रश्श्याच्या वाट्या मोजतो. हे सांगायला मी पैसे देऊन एका बाईंसमोर बसले आहे याची मला पहिले दोन महिने लाज वाटत होती.

पण त्या चार महिन्यांचा हिशेब पुढे किती पानं चालला ते पाहून मी चाट पडले. यंग म्हणतात, माणूस आपल्या वळणाशी तीन तऱ्हांनी वागतो. शरण जातो, टाळतो, किंवा थेट उलट टोकाला जाऊन बसतो. मला वाटलं होतं, यातली एक माझी असेल. तिन्ही निघाल्या. बावीस फोन हे शरण जाणं. टाळणं म्हणजे मी कधीही कुणाला पोचवायला स्टेशनवर गेले नाही. काही ना काही काम निघायचंच. जुनी नोकरी सोडली तेव्हा माझ्याच निरोपसमारंभातून मी केक कापायच्या आधी सटकले. आणि उलटं टोक म्हणजे ऑफिसात माझ्यावाचून एक कागद हलणार नाही अशी व्यवस्था मी स्वतः लावली होती. ज्या बाईवाचून अडतं तिला कोण सोडून जाईल?

लग्नाआधीचं एक प्रकरणही त्यात होतं. एक मुलगा. आठवड्यात दोन पत्रं लिहायचा, मग दोन महिने गायब. पुन्हा पत्र. पोस्टमनच्या सायकलच्या घंटीनं माझ्या छातीत जे व्हायचं त्याला मी प्रेम म्हणत होते. यंग यांनी यावरही बोट ठेवलंय: जुनं वळण जिथे नेमकं दुखावलं जातं तिथेच माणसाला जोराची ओढ वाटते. ते ओळखीचं असतं ना. शेवटी त्यानं सोडायच्या आत मीच त्याला सोडलं. त्यानंतर जो नवरा केला तो सांगितलेल्या वेळेला घरी येणारा, आणि खरं सांगते, पहिली तीन वर्षं तो मला अळणी वाटायचा. छातीत धडधडत नाही म्हणजे प्रेम नाही, असा माझा हिशेब. हे मी त्याला मागच्या वर्षी सांगितलं. तो म्हणाला, "मीठ वरून घ्यायचं असतं," आणि पेपर वाचायला लागला.

सुरुवातीच्या भेटींत मी बोलत होते ती भाषा अर्धी इंग्रजी होती. 'मला अबँडनमेंट इश्यूज आहेत', 'मी ट्रिगर होते', वगैरे. मोबाइलवर दिवसभर हेच वाचत असते ना माणूस. मॅडमनी चार-पाच वेळा ऐकून घेतलं. मग विचारलं, "आत्याच्या पायरीवर बसलेल्या मुलीला हे कसं म्हणता येईल? तिला इंग्रजी येत नाही."

मी बराच वेळ गप्प होते. पंख्याचा आवाज येत होता. मग म्हटलं, "आई मला टाकून गेली."

आणि दाराकडे पाहिलं, जणू आई बाहेर चपला काढत असावी. 'टाकणं' हा आपल्याकडे साधा शब्द नाही. नवऱ्यानं टाकलेली बाई म्हणतात, तो हा शब्द. आजारी पोराला घेऊन मुंबईत चार महिने परक्यांच्या घरी राहिलेल्या माझ्या आईला मी तो लावला होता. 'अबँडनमेंट' म्हणताना कुणावर आरोप होत नव्हता, म्हणूनच कदाचित काही हलतही नव्हतं.

या थेरपीचा गाभा म्हणजे कल्पनाचित्रातून त्या प्रसंगात परत जाणं. त्याची रीत ठरलेली आहे. डोळे मिटायचे आणि आधी ताजा प्रसंग आणायचा. मी बंगळुरूचा न उचललेला फोन आणला. अंगात जे होतं ते तसंच धरून ठेवायचं, प्रसंग सोडून द्यायचा आणि हीच भावना लहानपणी कुठे होती तिकडे मनाला जाऊ द्यायचं. मॅडमनी 'काहीतरी झालं असेल, आठवा' असं एकदाही सुचवलं नाही. मला शोधावंही लागलं नाही. क्षणात सतरंजी आली, तिची टोचणारी कड गालाला. बोलायचं वर्तमानकाळात आणि 'मी' म्हणून. मी उठलेय. आई नाहीये. आत्या तांदूळ निवडतेय.

मॅडमनी विचारलं, "मी आत येऊ का?"

मी हो म्हटलं. त्या चित्रात आल्या आणि पहिल्यांदा आत्याशी बोलल्या. "तिला खोटं सांगू नका." मी खुर्चीत दचकले. आत्याशी असं कुणी बोलत नसे! मग त्या माझ्याजवळ पायरीवर बसल्या, मला तरी तसं दिसलं. म्हणाल्या, "आई मुंबईला गेलीय. भाऊ आजारी आहे. किती दिवस लागतील ते तिलाही माहीत नाही. तू आणि मी रोज त्याबद्दल बोलू. तुला काही विचारायचंय?"

आणि मी विचारलं, "मी झोपले म्हणून गेली का?"

हा प्रश्न आपल्या आत आहे हे मला तोवर ठाऊक नव्हतं. जवळपास चाळीस वर्षं मी दुपारी पहारा देत होते. मी जागी असते तर ती गेली नसती, हा त्या सहा वर्षांच्या मुलीनं काढलेला निष्कर्ष, आणि तिच्यापाशी असलेल्या माहितीत तो अगदी बरोबर होता. त्यावर कुणी वहीत पुरावा मागितला असता तर तिनं दिला असता: झोपले, गेली.

त्या दिवशी बाहेर पडून मी कोपऱ्यावर उभ्याउभ्या दोन वडापाव खाल्ले. मला वडापाव आवडतही नाही.

घडलेली गोष्ट यानं बदलत नाही, आणि बदलली असा आवही कुणी आणत नाही. बदलतो तो तिच्यातून काढलेला अर्थ. नुसत्या शब्दांपेक्षा मनातलं चित्र भावनेला जास्त थेट भिडतं, हे प्रयोगांतही दिसलेलं आहे. बालपणीच्या आघातांवर ऑस्ट्रेलिया, जर्मनी आणि नेदरलँड्समध्ये १५५ जणांवर एक अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०२० मध्ये आले. बारा बैठकींची ही चित्रं बदलण्याची पद्धत आणि डोळ्यांच्या हालचाली वापरणारी ईएमडीआर ही पद्धत, दोन्ही सारख्याच उपयोगी ठरल्या. ते लोक माझ्यापेक्षा फार भयंकर गोष्टींतून गेलेले होते. हे मी स्वतःला सांगते तेव्हा मात्र जरा सावध असते, कारण हे वाक्य बहुतेक वेळा माझ्यातल्या 'हेडबाई' बोलत असतात.

हेडबाई हे मी ठेवलेलं नाव. आपल्या आत पाळीपाळीनं कोण गादीवर येतं त्यांना या थेरपीत मोड म्हणतात, आणि त्यांना आपापल्या भाषेतली नावं ठेवायला सांगतात. माझ्याकडे तीन सापडल्या. 'पायरीवरची'. 'कुलूप', म्हणजे निरोपसमारंभातून सटकणारी, काही वाटूच न देणारी. आणि हेडबाई: "चार महिने! लोकांच्या आया मरतात. तुझं कौतुकच जास्त." एकदा हेडबाईंना समोरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून त्यांच्याशी भांडायचं होतं. मला वाटलं आवाज आत्याचा निघेल. निघाला माझाच, लेकीला दहावीत असताना मी ज्या आवाजात बोलायचे तो. त्या भेटीनंतर आठवडाभर मी कुलूप होते.

या तिघींखेरीज एक चौथी तयार करायची असते, शहाणी मोठी माणूस, जी पुढे मॅडमच्या ऐवजी स्वतः चित्रात जाईल. माझी चौथी पहिल्यांदा गेली तेव्हा तिनं पायरीवरच्या मुलीला काय सांगितलं असेल? "येईल हं." तेच! डोळे मिटलेले असताना मला हसू फुटलं. तीन-चार खेपांनंतर तिला खरं सांगता आलं.

तोवर मॅडमच आईची थोडी जागा भरतात, त्यांच्या मर्यादेत राहून. पद्धतीतच ते बसवलेलं आहे. लहानपणी जे मिळायचं राहिलं ते थोडं थोडं, ठरलेल्या वेळात, खरेपणानं द्यायचं. मर्यादेचा मला राग यायचा. मॅडम संध्याकाळी सातनंतर फोन घेत नाहीत. फोन! मी फोनपायीच आलेले. मग माझ्या स्वभावाप्रमाणे शोधलं आणि कळलं की डच लोकांनी हेसुद्धा तपासलंय. तिथल्या सुरुवातीच्या मोठ्या अभ्यासात थेरपिस्ट वेळेबाहेरही फोनवर मिळत. पुढे त्यांनी निम्म्या रुग्णांना तशी सोय दिली, निम्म्यांना नाही, आणि निकालात फरक पडला नाही. २००९ ची गोष्ट. हे वाचून मी जरा खट्टूच झाले.

तो सुरुवातीचा अभ्यास २००६ चा. बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकाराच्या, म्हणजे भावना आणि नाती सतत टोकाला जाणाऱ्या, ८६ जणांना तीन वर्षं, आठवड्यातून दोनदा उपचार दिले. या पद्धतीनं साधारण ४५ टक्के बरे झाले, तुलनेतल्या दुसऱ्या पद्धतीनं २४. पुढे २०१४ मध्ये ३२३ जणांवर, पन्नास बैठकींचा अभ्यास झाला. त्यात भित्रे, परावलंबी, काटेकोरपणानं गांजलेले असे बरेच जण होते आणि तिथेही हीच पद्धत पुढे राहिली. आकडे चांगले आहेत, पण ते नेदरलँड्सचे आहेत. पन्नास बैठकी म्हणजे दर आठवड्याला एक धरली तर एक वर्ष. एका बैठकीचे पैसे आईला सांगितले तर ती म्हणेल, तेवढ्यात महिन्याचं दूध येतं. खरंच येतं. मला परवडलं म्हणून झालं, हे लपवण्यात अर्थ नाही.

शेवटचा टप्पा सगळ्यांत कंटाळवाणा आणि माझ्या मते सगळ्यांत खरा: वागणं बदलणं. इथे रडणं नाही, साक्षात्कार नाही. स्कूटर रोज संध्याकाळी हातानं वळवायची, इतकंच. मला एक कार्ड लिहून दिलं, म्हणजे दोघींनी मिळून लिहिलं. पर्समध्ये पॅनकार्डाच्या मागे असतं. आधी काय वाटतंय ते, मग ते कुठलं आहे, मग खरी परिस्थिती, मग काय करायचं. 'आत्ता पोटात गोळा आलाय. तो कराडचा आहे. लेक हॉस्टेलवर आहे, तिचा फोन बऱ्याचदा सायलेंटवर असतो. एक मेसेज टाकलेला आहे. आता पोळ्या लाटायच्या.' कित्येक रात्री आमच्या घरी गरजेपेक्षा जास्त पोळ्या झाल्या. सकाळी फोडणीची पोळी.

मागच्या डिसेंबरमध्ये लेकीला पोचवायला पुणे स्टेशनवर गेले. उद्यान एक्सप्रेस. गाडी हलली तशी कुलूप आलंच, पाय जिन्याकडे वळले. उभी राहिले. शेवटचा डबा जाईपर्यंत उभी राहिले, आणि पुढे काय करतात ते मला माहीत नव्हतं. शेजारचे एक आजोबा हात हलवत होते, म्हणून मीही रिकाम्या रुळांकडे हात हलवला.

मे महिन्यात कोल्हापूरला आईकडे गेले. ती आता चौऱ्याहत्तरची आहे. तिला थेरपीचं सांगायचा विचार नव्हता. पण दुपारी दोघी आंबे पुसत बसलो होतो आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "तू मला झोपवून गेलीस ना कराडला."

तिनं आंबा खाली ठेवला. "झोपवून? उठवून गेले की गं. तोंड धुतलं तुझं. तू म्हणालीस, जा, येताना टिकल्या आण."

मी वाद घातला. सतरंजी, गार जागा, सूप. ती ठाम होती. आत्या आता नाही, विचारणार कुणाला. मला बार्टलेट यांचे ते इंग्रज आठवले, कनूची होडी करणारे. आमच्या दोघींतली होडी कुणाची? निरोप न घेता गेल्याचं आईला सोसलं नसेल म्हणून तिनं मला उठवलं असेल, किंवा मी 'जा' म्हटलं हे मला सोसलं नसेल म्हणून मी मला झोपवलं असेन. पुण्याला येऊन मॅडमना हे सगळं सांगितलं तर त्यांनी भलताच प्रश्न विचारला. "टिकल्या आणल्या का मग?"

आईला फोन केला.

"आणल्या की. दादरहून. चांगलं पाकीट होतं. तू हातात घेईनास. माझ्याकडे बघेनास. आठ दिवस आत्याच्याच मागं मागं."

बोल्बी आणि त्यांचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी १९५० च्या आसपास इस्पितळात एकटी ठेवलेली मुलं पाहिली होती. आधी आक्रोश, मग मलूल होणं, मग एक शांतपणा, जो पाहून परिचारिकांना वाटायचं की मूल रुळलं. आई परत आली की ते मूल तिला ओळखल्यासारखंही करत नसे. हे मी वाचलं होतं. त्या आईच्या हातात पाकीट असेल हे मनात आलं नव्हतं.

गणपतीत पुन्हा गेले. भाऊ-भावजय बाहेर गेली होती, जेवणं झाली, आईनं गादी घातली. मी तिच्याशेजारी आडवी झाले, नुसती. पंखा होता. थोड्या वेळानं ती उठली, हळूच, जशी ती नेहमी उठते. मग थांबली.

"बाजारातनं कोथिंबीर घेऊन येते," ती म्हणाली. "अर्ध्या तासात येते. झोप तू."

कडी वाजली. घड्याळात तीन दहा झाले होते. मग तीन सतरा. तीन वीसला एकदा उठून खिडकीशी जावं असं वाटलं, पाय खाली सोडलेही. पुन्हा वर घेतले. त्यानंतर पाहिलं तेव्हा साडेचार वाजले होते आणि स्वयंपाकघरात आई कुणाशी तरी फोनवर बोलत होती, दबक्या आवाजात, मी झोपलेय म्हणून.